कुक्कुटपालनातील प्रतिजैविकांचा वापर आणि जिवाणूंमधील औषधप्रतिकार : कोलिस्टिनच्या उदाहरणाच्या आधारे एक विवेचन

सारांश

कोंबडीच्या मांसात औषधाचे अवशेष राहतात किंवा नाही, याच प्रश्नाभोवती कुक्कुटपालनातील प्रतिजैविकांविषयीची चर्चा बहुधा फिरते. अवशेषांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु औषधप्रतिकारक जिवाणूंचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. मांसात औषधाचा अंशही नसताना त्या कोंबडीच्या आतड्यात औषधास दाद न देणारे जिवाणू असू शकतात. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करून कोलिस्टिन या औषधाच्या उदाहरणाच्या आधारे प्रतिकार कसा निर्माण होतो, कसा पसरतो आणि कोणत्या परिस्थितीत कमी होऊ शकतो, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिजैविके, औषधप्रतिकार, कुक्कुटपालन, प्लाझ्मिड, कोलिस्टिन, वाढप्रवर्तक.

१. प्रस्तावना

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख असून त्यांपैकी सुमारे ७ कोटी ४३ लाख पक्षी महाराष्ट्रात आहेत. परसात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळण्याच्या पद्धतीकडून हजारो पक्ष्यांच्या शेडकडे झालेला हा प्रवास दोन पिढ्यांच्या आत घडला. त्यामुळे स्वस्त प्रथिने उपलब्ध झाली आणि कोरडवाहू शेतकऱ्यास पूरक उत्पन्न मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र एकाच छताखाली, एकाच वयाचे, एकाच वंशाचे हजारो पक्षी दाटीने वाढविणे म्हणजे रोगजंतूंच्या प्रसारास अनुकूल परिस्थिती निर्माण करणेही होय. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रतिजैविकांचा आधार घेतला गेला व पुढे तो नित्याचा झाला.

वैद्यकीय नियतकालिक ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधप्रतिकारक जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृत्यूंचा संपूर्ण दोष कुक्कुटपालनावर ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरेल. मानवी वैद्यकातील औषधांचा अविवेकी वापर, रुग्णालयांतील अपुरी स्वच्छता व दूषित पाणी ही त्यामागील मोठी कारणे आहेत. तथापि पशुपालन हा या साखळीतील एक ठळक दुवा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय संपूर्ण चित्र स्पष्ट होत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) औषधांचे अवशेष आणि औषधप्रतिकार यांतील भेद स्पष्ट करणे.
(आ) कुक्कुटशेडमध्ये प्रतिकारक जिवाणूंची निवड कशी होते, हे विशद करणे.
(इ) कोलिस्टिनच्या उदाहरणाद्वारे प्रतिकाराचा प्रसार व त्याची घट या दोन्ही प्रक्रिया समजून घेणे.
(ई) महाविद्यालयीन अध्यापन व विद्यार्थी-प्रकल्पांच्या दृष्टीने काही सूचना करणे.

प्रस्तुत लेख प्रकाशित संशोधन, शासकीय अधिसूचना व अहवाल या दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी स्वतःच असा इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेच्या संपर्कात आलेले जिवाणू औषधास सरावतात. परंतु त्यानंतर पाच वर्षांच्या आतच अल्प मात्रेतील प्रतिजैविकांचे एक अनपेक्षित उपयोजन पुढे आले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतील स्टोकस्टॅड व ज्यूक्स यांना क्लोरटेट्रासायक्लिनच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाद्यात मिसळल्यास कोंबडीची पिल्ले अधिक वेगाने वाढतात, असे आढळून आले. हे निरीक्षण १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ‘वाढप्रवर्तक’ म्हणून प्रतिजैविकांचा वापर येथून सुरू झाला.

याविषयीची शंकाही लवकरच व्यक्त झाली. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये, मानवी उपचारांत वापरली जाणारी प्रतिजैविके वाढप्रवर्तक म्हणून वापरू नयेत, अशी शिफारस केली. स्वीडनने १९८६ मध्ये सर्व प्रतिजैविक वाढप्रवर्तकांवर बंदी घातली. युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून पूर्णतः लागू झाली. म्हणजेच या प्रश्नाची जाणीव नवी नाही. कृती मात्र सावकाश झाली.

या विलंबाच्या काळात झालेला एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. स्टुअर्ट लेव्ही व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लहान फार्मवर सुमारे ३०० पिल्ले घेऊन त्यांपैकी निम्म्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य दिले. एका आठवड्याच्या आत त्या पक्ष्यांच्या आतड्यातील जिवाणू जवळजवळ पूर्णतः टेट्रासायक्लिन-प्रतिकारक झाले. पाच ते सहा महिन्यांनंतर फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या साप्ताहिक विष्ठानमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिकारक होते. शेजारच्या कुटुंबांत हेच प्रमाण ६.८ टक्के होते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली : खाद्य कोंबडीने खाल्ले, परंतु त्याचा परिणाम तिची देखभाल करणाऱ्यांपर्यंत पोहोचला.

४. अवशेष व प्रतिकार : दोन भिन्न प्रश्न

औषध दिल्यानंतर ते पक्ष्याच्या शरीरातून बाहेर पडण्यास काही काळ लागतो. या काळापूर्वी पक्षी कापल्यास मांसात औषधाचे अवशेष राहतात. भारतात २०१२ च्या औषध नियमावलीतील दुरुस्तीनुसार पशुऔषधाच्या वेष्टनावर हा प्रतीक्षाकाळ नमूद करणे बंधनकारक झाले. विशिष्ट काळ निश्चित नसल्यास अंडी व दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस असा तो ठरविण्यात आला. ब्रॉयलर पक्ष्याचे आयुष्यच ३५ ते ४२ दिवसांचे असते, हे लक्षात घेतल्यास या नियमाच्या अंमलबजावणीतील अडचण सहज ध्यानात येते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली व परिसरातील कोंबडीच्या ७० नमुन्यांची तपासणी केली असता ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले होते.

परंतु प्रतीक्षाकाळ काटेकोरपणे पाळला, तरी केवळ अवशेषांचाच प्रश्न सुटतो. औषध शरीरातून निघून जाते; त्या औषधामुळे निवडले गेलेले जिवाणू निघून जात नाहीत. अवशेष हा रासायनिक पदार्थ असल्याने त्याचे प्रमाण काळानुसार घटते, तर प्रतिकारक जिवाणू सजीव असल्याने त्यांची संख्या वाढू शकते. त्यामुळे ‘अवशेषमुक्त’ मांस म्हणजे ‘प्रतिकारमुक्त’ मांस नव्हे. एवढा एक भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला, तरी या विषयातील निम्मा गोंधळ दूर होईल.

५. शेडमध्ये प्रतिकाराची निवड कशी होते?

प्रतिजैविक जिवाणूंना प्रतिकार ‘शिकवीत’ नाही. जिवाणूंच्या मोठ्या संख्येत काहींजवळ प्रतिकाराची जनुके आधीच असतात किंवा उत्परिवर्तनाने नव्याने उद्भवतात. औषधामुळे संवेदनक्षम जिवाणू मरतात आणि मोकळी झालेली जागा प्रतिकारक जिवाणू व्यापतात. ही नैसर्गिक निवडच होय. अनुकूल स्थितीत एशेरिकिया कोलाय (इ. कोलाय) हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून ही निवड अत्यंत वेगाने घडते.

प्रतिकाराच्या मुख्य यंत्रणा चार आहेत : औषध निष्क्रिय करणारे विकर तयार करणे, औषध ज्या घटकावर कार्य करते त्या घटकाची रचना बदलणे, पेशीत शिरलेले औषध पंपाद्वारे बाहेर फेकणे, आणि पेशीच्या आवरणातून औषधाचा प्रवेशच रोखणे.

कुक्कुटपालनात प्रतिजैविकांचा वापर तीन कारणांसाठी होतो : रोगावर उपचार, रोगप्रतिबंध आणि वजनवाढ. यांतील उपचारही बहुधा सामूहिक असतो. पाच हजार पक्ष्यांपैकी काही आजारी दिसले, तरी औषध पिण्याच्या पाण्यातून सर्वांना दिले जाते. आजारी पक्षी पाणी कमी पितो. त्यामुळे ज्याला औषधाची गरज असते त्यास अपुरी मात्रा मिळते आणि निरोगी पक्ष्यांच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंवर मात्र विनाकारण निवडीचा दाब येतो. वजनवाढीसाठीच्या वापरात मात्रा अल्प व कालावधी दीर्घ असतो. प्रतिकार पोसण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती प्रयोगशाळेतही निर्माण करणे कठीण आहे.

पंजाबमधील १८ कुक्कुटफार्मच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, इ. कोलायच्या १,५५६ नमुन्यांची चाचणी करण्यात आली. सेफॅलोस्पोरिनसारख्या महत्त्वाच्या औषधांना निष्प्रभ करणारी विस्तृत-व्याप्ती बीटा-लॅक्टमेज विकरे निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण ब्रॉयलर फार्मवर ८७ टक्के, तर अंड्यांसाठीच्या लेअर फार्मवर ४२ टक्के आढळले. संगोपनाची पद्धत बदलली की प्रतिकाराचे प्रमाणही बदलते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

६. शेडबाहेरचा प्रवास

प्रतिकारक जिवाणू शेडबाहेर पडण्याचे मार्ग अनेक आहेत. शेडमधील कामगार, पक्ष्यांची वाहतूक, मांसविक्रीची दुकाने, उंदीर व माश्या, सांडपाणी हे त्यांपैकी काही होत. शेडमधील गादीचे तूस व विष्ठा मिळून तयार झालेले कोंबडखत शेतात पसरले जाते आणि त्यासोबत प्रतिकारक जिवाणू व त्यांची जनुकेही मातीत पोहोचतात. खत नीट कुजविल्यास, कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे हा धोका बराच कमी होतो.

आपल्याकडे कोंबडीचा रस्सा चांगला उकळला जातो, मग भीती कशाची, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उकळल्याने साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर व इ. कोलाय नष्ट होतात, हे खरे आहे. परंतु ज्या पाटावर व ज्या सुरीने कच्चे मांस चिरले, त्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली, तर जिवाणूंना मार्ग मिळतो. कोशिंबीर उकळली जात नाही. शिवाय अन्न हा एकमेव मार्ग नसल्याने केवळ स्वयंपाकघरातील दक्षता पुरेशी ठरत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे जनुकांचे आडवे संक्रमण. प्रतिकाराची अनेक जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या लहान वर्तुळाकार डीएनएवर असतात. संयुग्मनाच्या क्रियेत एक जिवाणू दुसऱ्यास, कित्येकदा भिन्न जातीच्या जिवाणूसही, प्लाझ्मिडची प्रत देतो. म्हणून कोंबडीतील जिवाणूने माणसात रोग निर्माण करण्याची आवश्यकताच नाही. त्याने आपले जनुक माणसाच्या आतड्यातील जिवाणूस दिले, तरी पुरेसे आहे.

७. कोलिस्टिनचे उदाहरण

कोलिस्टिन हे जपानमध्ये १९५० च्या सुमारास प्रथम वर्णिले गेलेले पॉलिमिक्सिन गटातील प्रतिजैविक होय. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य पटलावर ऋण प्रभार असतो. धन प्रभार असलेले कोलिस्टिन तेथे चिकटते व पटल विस्कळीत करते. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकानंतर मानवी वैद्यकात त्याचा वापर मागे पडला. पशुपालनात मात्र ते स्वस्त औषध म्हणून चालू राहिले. पुढे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या जिवाणूंनी कार्बापेनेम गटातील औषधांनाही दाद देणे बंद केले, तेव्हा अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना हे जुने औषध पुन्हा हाती घ्यावे लागले. अशा रीतीने एकच औषध एकीकडे गंभीर रुग्णाचा अखेरचा आधार आणि दुसरीकडे पक्ष्याच्या वजनवाढीचे साधन बनले.

कोलिस्टिनला प्रतिकार केवळ गुणसूत्रातील उत्परिवर्तनाने येतो व म्हणून तो सहजासहजी पसरत नाही, अशी समजूत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी एमसीआर-१ हे प्लाझ्मिडवरील जनुक शोधून काढले आणि ही समजूत कोसळली. हे जनुक असे विकर तयार करते की, जे बाह्य पटलातील लिपिड-ए या घटकास फॉस्फोइथेनॉलअमाइन जोडते. परिणामी पटलाचा ऋण प्रभार घटतो व कोलिस्टिनची पकड सैल होते. संशोधकांना डुक्कर व कोंबडीच्या कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये (१५ टक्के), कत्तलीच्या ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये (२१ टक्के) आणि रुग्णालयातील १,३२२ रुग्णनमुन्यांपैकी १६ मध्ये (१ टक्का) हे जनुक आढळले. प्राण्यांत अधिक व रुग्णांत अल्प हा क्रम लक्षणीय आहे. जनुकाचा प्रवास प्राण्यांकडून माणसाकडे होत असल्याचे तो सूचित करतो.

यापुढील घटनाक्रम अधिक बोधप्रद आहे. चीनने २०१७ मध्ये वाढप्रवर्तक म्हणून कोलिस्टिनचा वापर बंद केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कोंबड्यांतील कोलिस्टिन-प्रतिकारक इ. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मधील १८.१ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५.० टक्क्यांवर आले. डुकरांत ते ३४.० वरून ५.१ टक्के झाले. एमसीआर-१ युक्त इ. कोलाय आतड्यात बाळगणाऱ्या माणसांचे प्रमाणही २०१६ मधील १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर घसरले. प्रतिकाराचे ओझे वाहणे जिवाणूसही खर्चिक असते. औषधाचा दाब हटला की संवेदनक्षम जिवाणू पुन्हा वरचढ ठरू शकतात.

भारत सरकारने १९ जुलै २०१९ रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६अ अन्वये अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्यपूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. चीनमधील निर्णय मुख्यतः वाढप्रवर्तक वापरापुरता मर्यादित होता; भारताची बंदी त्याहून व्यापक आहे, ही समाधानाची बाब होय.

८. बंदीच्या मर्यादा

एका औषधावरील बंदीने प्रश्न आपोआप सुटतो, असे मात्र नाही. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांच्या प्रतिकाराची जनुके असल्यास दुसऱ्या औषधाच्या वापरानेही ते संपूर्ण प्लाझ्मिड टिकून राहते. यास सहनिवड म्हणतात. डेन्मार्कचा अनुभव या संदर्भात मार्गदर्शक आहे. तेथे व्हँकोमायसिनशी नाते असलेल्या ॲव्होपार्सिनवर १९९५ मध्ये बंदी आली. ब्रॉयलरमधील एंटेरोकॉकस फीसियम जिवाणूंत या गटाच्या औषधांना असलेला प्रतिकार ७२.७ टक्क्यांवरून २००० पर्यंत ५.८ टक्क्यांवर आला. डुकरांत मात्र तो बराच काळ हटला नाही. कारण त्यांना टायलोसिन दिले जात होते आणि दोन्ही प्रतिकारजनुके एकाच प्लाझ्मिडवर होती. टायलोसिनचा वापर घटल्यावरच तेथील प्रतिकारही घटला.

दुसरी मर्यादा आर्थिक आहे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते आणि शेतकऱ्यास पक्ष्याच्या वजनानुसार मोबदला मिळतो. मरतूक वाढली किंवा खाद्याच्या मानाने वजन भरले नाही, तर त्याची मिळकत घटते. खाद्यात वा औषधाच्या पुडीत नेमके काय आहे, याची निवड कित्येकदा त्याच्या हाती नसते. म्हणून केवळ शेतकऱ्यास दोषी ठरवून उपदेश करणे अन्यायकारकही आहे आणि निष्फळही. लसीकरण, दोन बॅचमध्ये शेड रिकामी ठेवून निर्जंतुक करणे, कोरडी गादी, क्लोरीनयुक्त पाणी, पक्ष्यांची दाटी कमी करणे व बाहेरील व्यक्तींचा वावर रोखणे, हे उपाय औषधाची गरजच कमी करतात. त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे.

९. महाविद्यालयांसाठी काही सूचना

(१) सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थी-प्रकल्पांत डिस्क-प्रसरण पद्धत सोयीची म्हणून वापरली जाते. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणून या औषधासाठी डिस्कचे निष्कर्ष विश्वसनीय मानले जात नाहीत. सूक्ष्म-विरलन पद्धत ही त्यासाठीची संदर्भ पद्धत आहे. ती शक्य नसल्यास कोलिस्टिनविषयी निष्कर्ष काढणे टाळावे. चुकीचा ‘संवेदनक्षम’ हा शेरा अभ्यास न करण्यापेक्षा अधिक घातक असतो.

(२) एका बाजारातील मोजक्या नमुन्यांवरून जिल्ह्याविषयी विधाने करू नयेत. नमुना संख्या, स्थळ, हंगाम व संगोपनाची पद्धत यांची नोंद अवश्य ठेवावी.

(३) प्रतिकारक संवर्धने ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकून देऊ नयेत. प्रतिकाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाच त्याच्या प्रसाराचे ठिकाण ठरू नये.

(४) नमुने देणाऱ्या शेतकऱ्याचे नाव गुप्त ठेवावे आणि निष्कर्ष त्यास समजेल अशा मराठीत त्याच्यापर्यंत पोहोचवावेत.

(५) हा विषय सूक्ष्मजीवशास्त्रापुरता मर्यादित न ठेवता अर्थशास्त्र, भूगोल, प्राणिशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी संयुक्त प्रकल्प हाती घ्यावेत.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. औषधांचे अवशेष व औषधप्रतिकार हे दोन भिन्न प्रश्न असून पहिल्यावरील उपाय दुसऱ्यास पुरत नाही. शेडमधील सामूहिक व अल्प मात्रेतील वापर प्रतिकारक जिवाणूंची निवड करतो आणि प्लाझ्मिडमुळे हा प्रतिकार प्राण्यांच्या व माणसांच्या जिवाणूंमधील सीमा ओलांडतो. त्याचबरोबर चीन व डेन्मार्क येथील अनुभव दाखवितो की, वापर थांबविल्यास प्रतिकाराचे प्रमाण काही वर्षांतच लक्षणीय घटू शकते; मात्र त्यासाठी एका औषधाऐवजी एकंदर वापराकडे पाहावे लागते. भारतात बंदीचा कायदा झाला आहे. तिचा परिणाम मोजण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून विश्वसनीय पद्धतीने, वर्षानुवर्षे गोळा केलेली निरीक्षणे हवीत. हे काम मोठ्या संस्थांनीच करावे, असे नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा शेडच्या सर्वाधिक जवळ आहेत. पद्धतीची शिस्त पाळली, तर त्यांची नोंद उद्याच्या धोरणास उपयोगी पडू शकेल.